हरणांमधली साथ आणि शिकारीचा प्रश्न

28 फेब्रुवारी 2002 रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने एक वाईट बातमी जाहीर केली. आदल्या नोव्हेंबरच्या हंगामात माउंट होरेब गावाच्या परिसरात मारलेल्या तीन पांढऱ्या शेपटीच्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी, हा रोग सापडला होता. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो तोवर कधी आढळला नव्हता. बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम विस्कॉन्सिनमध्ये एखाद्या सणासारखा पाळला जातो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी लाखो माणसे भडक नारिंगी जॅकेट घालून पहाटे रानात जाऊन बसतात, आजोबांची बंदूक नातवाच्या हाती येते आणि वर्षभराचे मांस फ्रीझरमध्ये पडते. रोगाची बातमी आली त्या दिवसापासून तिथे जो वाद सुरू झाला तो आजही मिटलेला नाही. रोग आवरायचा तर हरणे जास्त मारायची, कमी मारायची की निवडून मारायची? आणि ती कोणी मारायची, हौशी शिकाऱ्याने की सरकारी नेमबाजाने?

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हे वन्यजीव व्यवस्थापनाचे नेहमीचे साधन राहिलेले नाही, त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकाला थोडा परका वाटेल. पण जंगली प्राण्यांमध्ये साथ आली की शास्त्र, लोकांच्या सवयी, सरकारचा खजिना आणि ताटातले अन्न या सगळ्यांची एकमेकांत कशी गुंतागुंत होते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचित सापडेल.

रोगाचा स्वभाव

हा रोग पहिल्यांदा लक्षात आला 1967 मध्ये, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या संशोधन केंद्रात पाळलेल्या म्यूल हरणांमध्ये. हरणे खंगत, लाळ गाळत, मान खाली घालून उभी राहत आणि मरत. चारा बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस एलिझाबेथ विल्यम्स या पशुरोगतज्ज्ञ तरुणीने मेलेल्या हरणांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत स्पंजासारखी भोके दिसली. मेंढ्यांचा स्क्रेपी आणि पुढे गाजलेला गाईंचा ‘मॅड काऊ’ याच घराण्यातले. या रोगांमागे जिवाणू किंवा विषाणू नसतो. प्रियॉन नावाचे, चुकीच्या घडीत दुमडलेले प्रथिन शरीरातल्या चांगल्या प्रथिनांनाही आपल्यासारखे दुमडत जाते. प्रियॉनच्या शोधासाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना 1997 चे नोबेल मिळाले.

हा रोग फक्त चितळ-सांबरांच्या कुळातल्या, म्हणजे शिंगे गळून पुन्हा उगवणाऱ्या प्राण्यांना होतो: पांढऱ्या शेपटीचे हरीण, म्यूल हरीण, एल्क, मूस, रेनडिअर. लागण झाल्यावर दीड-दोन वर्षे प्राणी धडधाकट दिसतो, पण त्याच्या लाळेतून, मूत्रातून आणि लेंड्यांतून प्रियॉन बाहेर पडत असतात. शिकाऱ्याने टिपलेल्या बाधित हरणांपैकी बहुतेक याच अवस्थेतली असतात. वृत्तपत्रांनी लोकप्रिय केलेले ‘झोंबी हरीण’ हे नाव म्हणूनच दिशाभूल करते. लोक खंगलेल्या हरणाच्या शोधात राहतात आणि गुबगुबीत हरीण निर्धास्तपणे खातात.

खरी अडचण मातीची आहे. फोर्ट कॉलिन्सच्या केंद्रातले सगळे प्राणी 1980 च्या दशकात मारून टाकले, जमीन उकरली, तिच्यावर क्लोरीनयुक्त द्रव्य फवारले, आवार रिकामे ठेवले आणि मग तिथे निरोगी एल्क आणले. त्यांतल्या काहींना पुढे रोग झालाच. कोलोरॅडोतच 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन वर्षांहून अधिक काळ मोकळ्या राहिलेल्या कुरणात सोडलेल्या हरणांनाही केवळ जुन्या विष्ठेच्या अवशेषांतून लागण झाली. चिकणमातीला प्रियॉन घट्ट चिकटतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे प्रत्येक बाधित हरीण जिवंतपणी आणि मेल्यावरही जमीन नासवत जाते. हरणे लवकर मारावीत असे म्हणणाऱ्यांचा आणि आता मारून काय उपयोग असे म्हणणाऱ्यांचा, दोघांचाही मुख्य आधार हीच गोष्ट आहे.

2025 पर्यंत अमेरिकेतली 36 राज्ये आणि कॅनडातले 5 प्रांत, शिवाय दक्षिण कोरिया आणि उत्तर युरोप, इतक्या ठिकाणी या रोगाची नोंद झाली आहे. लस नाही, उपचार नाही. वायोमिंगमध्ये एल्कांवर एका लसीचा प्रयोग झाला, पण लस टोचलेल्या एल्कांना रोग उलट लवकर जडला.

शिकारी मध्यभागी का

अमेरिकेत रानटी हरीण कोणाच्या मालकीचे नसते. राज्य ते जनतेच्या वतीने सांभाळते. त्या सांभाळाचा खर्च मोठ्या प्रमाणावर शिकारीच्या परवान्यांतून आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या, बंदुका व काडतुसांवरच्या करातून भागतो. म्हणजे शिकारी हा हरणांची संख्या राखणारा हात आहे, तोच रोगाचे नमुने पुरवणारा स्रोत आहे, खात्याचा अन्नदाता तोच आणि बाधित मांस पोटात जाण्याचा धोका पत्करणाराही तोच. 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये परवान्यांची विक्री सुमारे एक दशांशाने घटली, तेव्हा या चारही भूमिका एकदम डळमळल्या. धोरण कोणतेही असो, शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवली तर ते कागदावर राहते. या वादातली बहुतेक तापलेली भाषणे ही साधी गोष्ट विसरून केलेली असतात.

विस्कॉन्सिन: दोन टोकांची धोरणे

विस्कॉन्सिनने सुरुवातीला सर्वात कडक मार्ग धरला. रोगाच्या केंद्राभोवतीचा पट्टा ‘निर्मूलन क्षेत्र’ ठरवून तिथली शक्य तितकी हरणे मारायची असे ठरले. हंगाम लांबवला, जमीनमालकांना जादा परवाने दिले, सरकारी नेमबाज लावले. नर मारण्याआधी एक बिनशिंगाचे हरीण, म्हणजे बहुधा मादी, मारलीच पाहिजे हा ‘अर्न अ बक’ नियमही या पट्ट्यात सक्तीने लागू झाला. जीवशास्त्राच्या दृष्टीने त्यात तर्क होता. माद्या कमी केल्याशिवाय कळप लहान होत नाही.

पण दक्षिण विस्कॉन्सिनची जमीन जवळजवळ सगळी खासगी. शेताच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या हरणे पाहत आलेल्या कुटुंबांना ‘निर्मूलन’ हा शब्दच सहन झाला नाही. अनेकांनी नेमबाजांना बांधावर पाय ठेवू दिला नाही. शिकाऱ्यांची तक्रार वेगळी होती. मारलेले हरीण खायचे नसेल, नुसते खड्ड्यात टाकायचे असेल तर मारायचे कशाला? नर टिपण्यासाठी वर्षभर वाट पाहणाऱ्याला आधी मादी मार म्हणणे त्यांना जुलूम वाटला. नेमबाजी 2007 पर्यंतच चालली. 2011 मध्ये विधिमंडळाने अर्न अ बक कायद्यानेच रद्द केला. त्याच वर्षी गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी टेक्सासचे हरीणतज्ज्ञ जेम्स क्रॉल यांना पाचारण केले. 2012 च्या त्यांच्या अहवालाचा सूर असा होता की निर्मूलन आता साध्य होण्यासारखे नाही, तेव्हा लक्ष ठेवावे आणि शिकाऱ्यांचा गमावलेला विश्वास परत मिळवावा. 2015 पासून शिकारीची नोंदणी ऑनलाइन झाली. शिकाऱ्याची सोय झाली, पण नोंदणी केंद्रावर कर्मचारी हरणाच्या मानेतून जागच्या जागी नमुना काढत, ती संधी हातची गेली.

त्यानंतर काय घडले याबद्दल फारसे दुमत नाही. डेन, आयोवा, सॉक या काउंटींच्या काही भागांत तपासलेल्या प्रौढ नरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आता बाधित निघतात. राज्याने हजारावर हरणांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून केलेल्या मोठ्या अभ्यासात बाधित हरणे निरोगी हरणांपेक्षा खूप लवकर मरतात हे दिसले. अर्थ मात्र दोन लावले जातात. एक गट म्हणतो, हात आखडता घेतल्याचे हे फळ. दुसरा म्हणतो, 2002 मध्ये रोग सापडला तेव्हाच तो बरीच वर्षे मुरलेला होता, कितीही मारले असते तरी फरक पडला नसता. माझ्या मते दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही. कडक धोरण जेमतेम पाच वर्षे आणि अर्ध्या सहकार्यावर राबवले गेले. त्यावरून ते निरुपयोगी ठरवता येत नाही, तसे उपयोगी होते असेही सिद्ध करता येत नाही.

इलिनॉय, न्यूयॉर्क, नॉर्वे

हद्दीपलीकडच्या इलिनॉयमध्ये त्याच वर्षी रोग सापडला. तिथे शिकारीचे नेहमीचे हंगाम फारसे न बदलता, हंगाम संपल्यावर हिवाळ्यात सरकारी नेमबाज ठरावीक लहान तुकड्यांत जातात. जिथे आधी बाधित हरीण सापडले असेल त्याच परिसरात ते हरणे टिपतात आणि तपासणीत निर्दोष ठरलेले मांस गरजूंना वाटले जाते. पहिली दहा वर्षे बाधित हरणांचे प्रमाण तिथे एक टक्क्याच्या आसपास राहिले, तर विस्कॉन्सिनमध्ये नेमबाजी थांबल्यावर ते चढत गेले. ही तुलना 2014 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून मर्यादित, सातत्याच्या नेमबाजीच्या बाजूचा हा सर्वात मोठा पुरावा मानला जातो. आक्षेपही गंभीर आहेत. दोन्ही राज्यांत रोग किती जुना होता ते वेगळे, जंगलाचे तुकडे वेगळे, आणि इलिनॉयमध्येही रोग नव्या काउंटींत पसरत राहिलाच. नेमबाजीने वेग कमी होतो एवढेच त्यावरून म्हणता येते.

न्यूयॉर्कचा अनुभव दिलासा देणारा आहे. 2005 मध्ये ओनायडा काउंटीत पाळीव कळपांमध्ये आणि दोन रानटी हरणांत रोग सापडला. राज्याने ताबडतोब आजूबाजूची हरणे मारून तपासली आणि चारा घालण्यावर व मृत जनावरांच्या वाहतुकीवर बंधने आणली. त्यानंतर वर्षानुवर्षे तिथल्या रानटी हरणांत रोग दिसला नाही. ठिणगी पडल्या पडल्या विझवता येते, याचे हे मोजक्या उदाहरणांपैकी एक.

नॉर्वेची गोष्ट सर्वात कठोर. 2016 मध्ये नॉर्ड्फ्येला डोंगराळ भागात एक आजारी रेनडिअर मादी संशोधकांना सापडली. युरोपातली ही पहिली नोंद. रेनडिअर मोठ्या कळपांनी फिरतात, त्यामुळे थोडेथोडके मारून भागणार नाही असे ठरले. आधी शिकाऱ्यांना मोकळीक दिली. उरलेले प्राणी सरकारी नेमबाजांनी 2018 च्या हिवाळ्यात बर्फात शोधून शोधून मारले. दोन हजारांहून अधिक रेनडिअर गेले. त्यांपैकी बाधित निघाले 19. एवढ्यासाठी संपूर्ण कळप? हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला आणि तो चुकीचा नव्हता. पण वैज्ञानिकांचा हिशेब उलटा होता: 19 असतानाच थांबवता येते, 1900 झाल्यावर नाही. मग सप्टेंबर 2020 मध्ये शेजारच्या हार्डांगरविद्दा पठारावर, युरोपातल्या सर्वात मोठ्या रानटी रेनडिअर कळपात, शिकारीत मारलेला एक नर बाधित निघाला. 2022 मध्ये आणखी एक प्राणी सापडला. इथे मात्र सगळा कळप मारण्याचे पाऊल नॉर्वेने उचललेले नाही. दुर्मिळ होत चाललेला प्राणी वाचवण्यासाठी तोच किती मारायचा, हा पेच तिथे अजून उघडा आहे.

नर की मादी

सध्या शास्त्रीय चर्चेचा सर्वाधिक भर नर मारावेत की माद्या या प्रश्नावर आहे. म्यूल आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांत प्रौढ नरांमध्ये रोगाचे प्रमाण माद्यांपेक्षा बरेच जास्त असते. नर दूरवर भटकतात, माजावर आल्यावर अनेक कळपांत मिसळतात. वय वाढते तसा धोकाही वाढतो. कोलोरॅडोतल्या अनेक कळपांत 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या शिंगांचे नर वाढावेत म्हणून नरांच्या शिकारीवर मर्यादा आणल्या गेल्या. 2020 मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवले की ज्या कळपांत नरांच्या शिकारीचा दाब जास्त होता तिथे रोग कमी किंवा स्थिर राहिला. त्याआधीच, 2019 मध्ये राज्याने नियम केला होता: कळपातल्या प्रौढ नरांत प्रमाण 5 टक्क्यांवर गेले की शिकार वाढवून किंवा अन्य मार्गाने हस्तक्षेप करायचाच.

यातून दोन हितसंबंध समोरासमोर येतात. भव्य शिंगांचा म्हातारा नर हे अनेक शिकाऱ्यांचे स्वप्न असते. त्यावर जमिनींच्या किमती आणि वाटाड्यांचा धंदा उभा आहे. रोगाच्या दृष्टीने हाच नर सर्वात जोखमीचा. दुसरीकडे, फक्त नर मारून कळपाची दाटी कमी होत नाही आणि मायलेकींच्या गटांत रोग फिरत राहतो, असे म्हणणारे संशोधकही आहेत. हरणांच्या संख्येवर संसर्ग किती अवलंबून असतो आणि केवळ बाधितांच्या प्रमाणावर किती, याचे उत्तर अजून पक्के नाही. मातीतले प्रियॉन जसजसे साठत जातात तसतसे हे उत्तर बदलतही असावे.

काहीच न करणे हा पर्याय निर्धोक नाही, हे मात्र वायोमिंगने दाखवले आहे. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा एक बाधित कळप दरवर्षी सुमारे 10 टक्क्यांनी, तर म्यूल हरणांचा एक कळप सुमारे 21 टक्क्यांनी घटत असल्याचे 2016 आणि 2017 च्या अभ्यासांत आढळले. याच राज्यात एल्कांना हिवाळ्यात सरकारी चारा घालण्याची जुनी पद्धत आहे, आणि 2024-25 च्या हिवाळ्यात अशा चारातळावरही रोग पोहोचला. लांडगे व पहाडी सिंह दुबळे प्राणी हेरून मारतात, म्हणून ते रोग आवरतील अशी मांडणी काही जण करतात. पहाडी सिंह बाधित हरणे अधिक मारतात असे कोलोरॅडोत दिसलेही आहे. पण त्याने साथ ओसरली असे कुठे दिसलेले नाही.

चारा आणि कुंपण

शिकारीच्या बाहेरचे वादही शिकारीतच येऊन मिळतात. मका किंवा बीट टाकून हरणांना एका जागी ओढणे शिकाऱ्याला सोयीचे असते, पण सगळी तोंडे एकाच ढिगात जातात. रोग सापडला की विस्कॉन्सिनमध्ये त्या काउंटीत चाऱ्यावर तीन वर्षे बंदी येते. मिशिगनमध्ये 2019 च्या अशा बंदीवर विधिमंडळ आणि गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्यात उघड संघर्ष झाला. बंदी उठवणारे विधेयक त्यांनी नकाराधिकार वापरून अडवले.

हरणे पाळण्याचा उद्योग हा दुसरा मुद्दा. दक्षिण कोरियात रोग पोहोचला तो कॅनडातून आयात केलेल्या एल्कांबरोबर. कुंपणातून रोग बाहेर जातो की बाहेरून आत येतो, यावर उद्योग आणि वन्यजीव खाती सतत भांडत असतात. काही ठिकाणी दोन्ही घडले आहे. अलीकडे रोगाला उशिरा बळी पडणाऱ्या जनुकांची हरणे पैदा करून रानात सोडावीत असा विचार पुढे आला आहे. अशा हरणांना रोग होतच नाही असे नाही. ती जास्त काळ जगून जास्त प्रियॉन पसरवतील अशी भीती व्यक्त होते, आणि तिला अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

ताटातला प्रश्न

हा रोग माणसाला झाल्याची एकही पुष्ट नोंद नाही. पण ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ 1986 मध्ये ओळखला गेला, माणसांत तो उतरल्याचे 1996 मध्ये मान्य करावे लागले आणि मधली दहा वर्षे लोकांना गोमांस सुरक्षित आहे असेच सांगितले जात होते. ती आठवण या चर्चेतून जात नाही. माकडांवरचे प्रयोग परस्परविरोधी आहेत. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 13 वर्षांनंतरही मकाक माकडांना लागण आढळली नाही, तर कॅनडातल्या एका गटाने लागण झाल्याचे सांगितले. अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र म्हणते, बाधित भागातले हरीण तपासून घ्या आणि बाधित निघाले तर खाऊ नका. शिजवून प्रियॉन नष्ट होत नाहीत.

तपासणीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. विस्कॉन्सिनमध्ये रस्त्याकडेला लहानशी स्वयंसेवा टपरी असते. शिकारी शिंगे करवतीने कापून घेतो, सुमारे पाच इंच मानेसह डोके प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो, कुठे मारले ते चिठ्ठीवर लिहितो आणि पिशवी पेटीत टाकून जातो. घशामागच्या लसिकाग्रंथीतून प्रयोगशाळा निदान करते. निकालाला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर मांस फ्रीझरमध्ये थांबते. अनेक जण थांबत नाहीत, अनेक जण तपासतच नाहीत. खाटकाकडे दहा हरणांचे मांस एकत्र दळून सॉसेज झाले तर कोणते कोणाचे ते कळतही नाही. ज्यांच्यासाठी हरणाचे मांस हे हिवाळ्याचे मुख्य अन्न आहे, त्यांत ओजिब्वेंसारखे मूलनिवासी समाज आणि अन्नछत्रांवर अवलंबून असलेली गरीब कुटुंबे आहेत. त्यांना निवड कमीच असते. तपासणी सक्तीची असावी की ऐच्छिक, यावरचा वाद मुळात पैशांचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये मंजूर झालेल्या संघराज्याच्या कायद्याने दरवर्षी 7 कोटी डॉलरपर्यंत खर्चाला परवानगी दिली, पण प्रत्यक्ष तरतूद त्याहून बरीच कमी राहिली.

वाद आज कुठे आहे

वीसेक वर्षांपूर्वी निर्मूलनाची भाषा होती. आज ती फक्त नव्याने सापडलेल्या, लहान केंद्रांपुरती उरली आहे. जिथे रोग मुरला आहे तिथे सगळ्या बाजू ‘आटोक्यात ठेवणे’ या शब्दावर आल्या आहेत, पण आटोक्यात म्हणजे किती टक्के, किती वर्षे आणि कोणाच्या खर्चाने, यावर एकमत नाही. हरणांचे आयुष्य, रोगाची संथ गती आणि मातीची स्मृती लक्षात घेता कोणत्याही उपायाचे फळ दिसायला किमान दशक लागते. निवडणुका त्याहून लवकर येतात. माझा निष्कर्ष असा की पुराव्याचे पारडे तीन गोष्टींकडे झुकते: पहिली नोंद होताच त्वरित हालचाल, नरांवर शिकारीचा टिकाऊ दाब आणि शिकाऱ्याला आधीपासून विश्वासात घेणे. विस्कॉन्सिनमध्ये पहिली गोष्ट केली आणि तिसरी राहिली. ज्या राज्यांत रोग अजून पोहोचलेला नाही त्यांनी आपली योजना आताच, जमीनमालकांना आणि शिकाऱ्यांना समोर बसवून ठरवायला हवी. पहिले बाधित हरीण सापडल्यावर त्यासाठी वेळ उरत नाही.

आणि विस्कॉन्सिन, इलिनॉय, मिनेसोटा किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. शेजारी किंवा कार्यालयातला मित्र आपुलकीने हरणाचे मांस देऊ लागला, तर हरीण तपासले होते का, एवढे संकोच न करता विचारा. नसेल तपासले, तर निकाल येईपर्यंत ते शिजवू नका.